चाळीसपट उजेड

१

सहा ऑक्टोबरला, सोमवारी दुपारी, लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी पडद्यावरच्या आलेखाकडे बघत होते. आलेखाच्या मधोमध खड्डा असायला हवा होता. तिथे सरळ रेघ होती.

मी तीन तास थांबले. जोडण्या तपासल्या, दोन्ही शोधक बदलून पाहिले, पुन्हा मोजलं. रेघ सरळच राहिली.

चिप नांदेडहून आली होती. नखाएवढा काचेसारखा तुकडा, आणि त्यात केसापेक्षाही बारीक प्रकाशवाटा कोरलेल्या. एका वाटेच्या उगमाशी एक स्फटिक बसवलेला. त्याच्यावर निळा लेझर टाकला की तो एका वेळी प्रकाशाचा एकच कण, एकच फोटॉन, सोडतो आणि तो कण थेट वाटेत शिरतो, असा नांदेडच्या प्रकाश संशोधन केंद्राचा दावा होता. असे स्फटिक पुष्कळ ठिकाणी बनतात. तो चिपमध्ये नेमक्या जागी बसवणं आणि तिथे टिकवणं हे अवघड. ते काम रूपाली भद्रे नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने केलं होतं. त्यावर तिची पीएच.डी. उभी होती.

तपासायची पद्धत सोपी आहे. वाटेतून आलेला प्रकाश दोन शोधकांत वाटायचा. कण एकेकटे येत असतील, तर दोन्ही शोधक एकाच क्षणी कधीच वाजणार नाहीत, आणि आलेखात त्या क्षणापाशी खड्डा पडेल. रूपालीने सव्वीस सप्टेंबरला मोजलं तेव्हा खड्डा पडला होता, खोल आणि स्वच्छ. बाहेरच्या कोणीतरी पडताळावं म्हणून चिप माझ्याकडे आली, आणि माझ्याकडे खड्डा नव्हता.

मी तसं एका पानावर लिहून पाठवलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एका पानापलीकडे लिहायची ताकद त्या दिवशी नव्हती.

दोन दिवसांनी केंद्रप्रमुख डॉ. मल्लिनाथ पंचाक्षरी यांनी विद्यापीठाला पत्र दिलं, की रूपाली भद्रे यांनी मोजमापं बनावट केल्याचा सबळ संशय असून त्यांची नोंदणी रद्द करावी. समितीची बैठक सतरा तारखेच्या शुक्रवारी ठरली. त्याआधी चौकशी करायला विद्यापीठाला या विषयातलं माणूस हवं होतं. मराठवाड्यात अशी माणसं दोन. एक पंचाक्षरी, दुसरी मी.

माझ्या एका पानामुळे ती मुलगी घरी जाणार होती. म्हणून मी हो म्हटलं.

२

सोमवारी, तेरा तारखेला, मी सकाळच्या गाडीने नांदेडला गेले.

पंचाक्षरी सरांनी माझं स्वागत नीट केलं. चिपची खोली दाखवली, आत शिरताना घालायचे झगे दाखवले. दारावर त्यांच्या सहीची सूचना होती: पादत्राणे, खाद्यपदार्थ, फुले, नारळ, उदबत्ती आत नेण्यास सक्त मनाई. गेल्या वर्षी ती लावावी लागली, असं ते म्हणाले. नोव्हेंबरात दिल्लीहून पाहणी येणार आहे, केंद्राचं पुढचं अनुदान त्यावर आहे. रूपालीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, असं दिसलं. हुशार मुलगी, घाई केली, एवढंच ते म्हणाले.

रूपाली मला वाचनालयात भेटली. प्रयोगशाळेत यायला तिला बंदी होती. हिमायतनगरची. वडील आनंदराज भद्रे तिथे पोस्टात होते. वय अठ्ठावीस, डोळ्यांखाली काळं. रडून झालेलं होतं आणि आता तिला त्याचा कंटाळा आला होता.

तिने सांगितलं ते असं. सव्वीस तारखेला मोजमाप पूर्ण झालं. सत्तावीसला तिने चिप डबीत ठेवली, डबी कोरड्या हवेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ल्या दोन, एक तिच्याकडे, एक सरांकडे. मग ती गावी गेली, तिथून घरच्यांबरोबर दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर. दरवर्षी जाते. पाच तारखेला परतली, तोवर चिप लातूरला पोचलेली.

"तू आकडे रचले नाहीस, हे मी कशावरून मानू?" मी विचारलं.

तिने समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मॅडम, मानू नका. कच्ची फाईल बघा. आलेख तर कोणीही काढील."

कच्च्या फाईलमध्ये शोधकाच्या प्रत्येक टिचकीची वेळ असते, कोटभर ओळी. मी दुपारभर त्या बघत बसले. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी टिचक्या एकदम पडल्या होत्या. सेकंदाला पाच हजारांवरून साठ-सत्तरवर. चार मिनिटं तशाच, मग पूर्ववत.

खाली उतरून पहारेकऱ्याकडे जनरेटरची वही मागितली. सव्वीस सप्टेंबर, वीज गेली अकरा बेचाळीस, जनरेटर सुरू अकरा सेहेचाळीस. शोधकांना बॅटरीचा आधार होता, लेझरला नव्हता. लेझर विझला, शोधक अंधारात स्वतःशीच टिचकत राहिले.

आकडे रचणारा माणूस खड्डा रचील. वीज गेलेली चार मिनिटं रचणार नाही.

म्हणजे सव्वीस तारखेला तिने जे मोजलं ते खरं होतं. आणि सहा तारखेला मी मोजलं तेही खरं होतं. मधल्या दहा दिवसांत कोणीतरी त्या डबीला हात लावला होता.

३

पहिला विचार मनात येतो तो चिप बदलल्याचा. बदलायचं कारण एकाच माणसाकडे होतं.

रविकिरण हा तिथला दुसरा संशोधक विद्यार्थी, केंद्रात सहा वर्षं होता, रूपालीच्या आधीपासून. स्फटिक चिपच्या पृष्ठभागावर नुसता टाकायचा, ही त्याची पद्धत. रूपालीने वाटेच्या उगमाशी बारीक खळगा कोरला, स्फटिक त्यात बसवला आणि वरून काचेचा अतिपातळ थर चढवला. रविकिरणच्या चिपा महिन्याभरात मरायच्या. तिच्या टिकल्या.

तो माझ्याशी फार अदबीने बोलला आणि रूपालीविषयी अजिबात नाही. "मॅडम, एवढा सुंदर खड्डा मी फक्त परदेशी पेपरांत बघितला होता," तो म्हणाला. "आपल्या नांदेडात बघून डोळे दिपले आमचे. पाऊसपाणी एवढं होऊन राहिलं, गाडीत दमट हवा, स्फटिक मेला असंल. त्यात काय नवल? आमचे बी मरतातच की."

एकोणतीस आणि तीस तारखेला तो प्रयोगशाळेत एकटा होता, हे दाराच्या नोंदीत होतं. मी विचारलं, तेव्हा नोकरीचे अर्ज भरत होतो, असं तो म्हणाला आणि कान लाल झाले. संगणकाने त्याला दुजोरा दिला. अकरा अर्ज होते.

तरीही मी बरोबर आणलेली चिप तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रूपालीच्या सव्वीस तारखेच्या छायाचित्राशी ताडली. कोपऱ्यातला क्रमांक तोच. डाव्या कडेचा टवका तोच, त्याच्या तिन्ही दातांसकट. असा टवका पुन्हा पाडता येत नाही.

चिप तीच होती. राहिला रविकिरणचा दुसरा मुद्दा, की स्फटिक मेला. तो सरळ होता आणि सगळ्यांना सोयीचा होता. रूपालीही म्हणाली, की तसं असेल तर लिहा, पण मग माझा थर कुचकामी ठरतो आणि प्रबंधही. फसवलं नाही, एवढंच राहील.

मी ते लिहायलाही बसले. लिहिताना माझी सहा तारखेची वही काढली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: टिचक्या, सेकंदाला दोन लाख.

रूपालीकडे पाच हजार होत्या. माझ्याकडे चाळीसपट. मेलेला दिवा जास्त उजेड देत नाही. हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही दिसलं असतं. त्या सोमवारी मला फक्त खड्डा शोधायचा होता. तो दिसला नाही आणि मी वही मिटली.

स्फटिक जिवंत असेल वा मेलेला, त्याच्याशेजारी दुसरं काहीतरी ढणढणत होतं.

४

चिप लातूरला घेऊन आले ते व्यंकटी. केंद्रातले परिचर, गाव उमरी, पन्नाशी उलटलेली. सगळे त्यांना मामा म्हणत. रूपालीला केंद्रात येऊन पाच वर्षं झाली, आणि तिच्या डब्यातल्या भाजीची चौकशी रोज करणारे ते एकटे होते, असं तिनेच सांगितलं होतं.

"मॅडम, डबी मांडीवरून खाली ठेवली न्हाई बघा," ते म्हणाले. "अहमदपूरला गाडी अर्धा घंटा थांबली. सगळे उतरले, चहा पिले. मी लघवीलासुद्धा गेलो न्हाई."

"डबी उघडली होती का?"

"मी? आईशप्पथ न्हाई. साहेबांनी हातात दिली, तशी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्हीच की उघडली."

ते खरं बोलत होते. मी उघडली तेव्हा चिकटपट्टी अखंड होती, पट्टीवर पंचाक्षरींची सही आणि तारीख, तीन ऑक्टोबर.

मग मी विचारलं, की सत्तावीसपासून तीन तारखेपर्यंत खोलीत काय काय झालं. ते म्हणाले, काही नाही. दरसालची साफसफाई. यंत्रं पुसली. मी विचारलं, दरसालची म्हणजे कधीची. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"मामा, रूपालीची नोंदणी शुक्रवारी रद्द होणार आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई गुणी लेकरू हाय ते. मॅडम, माझी नोकरी दोन वर्षं राहिली. मला इचारू नका."

मी पुढे विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाकडून काढलेलं उत्तर समितीपुढे टिकत नाही. पण एवढं कळलं, की काहीतरी झालं होतं, ते मामांनी पाहिलं होतं, आणि ते ज्याने केलं तो त्यांना नोकरीवरून काढू शकत होता.

५

बुधवारी मी घरी होते. गाडीच्या प्रवासाने गुडघा सुजला होता. सकाळी त्यावर हळदीचा लेप लावला, आणि व्हायचं तेच झालं, पांढऱ्या चादरीला तळहाताएवढा पिवळा डाग पडला. साबणाने तो लालसर झाला. मी चादर गच्चीवर उन्हात टाकली. हळदीचा डाग धुऊन जात नाही, उन्हात विटतो, हे शिकायला कोणाला प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

दुपारी चादर काढायला गेले तर डाग जेमतेम उरला होता. दोरीपाशी उभ्या उभ्या मला वहीतला दुसरा आकडा आठवला.

खाली येऊन वही उघडली. पहिल्या तासाला दोन लाख. दुसऱ्याला एक लाख साठ हजार. तिसऱ्याला एक लाख तीस. उजेड संथपणे उतरत गेला होता. स्फटिक असा उतरत नाही, तो लुकलुकतो आणि मरतो तेव्हा एकदम मरतो. हे दुसरं काहीतरी निळ्या लेझरखाली विटत होतं, उन्हात चादर विटावी तसं.

हळद निळ्या प्रकाशात पिवळी-हिरवी चमकते. रूपालीचा स्फटिकही जवळपास त्याच रंगात चमकतो, म्हणून शोधकांपुढच्या माझ्या रंग-गाळण्यांनी हळदीला अडवलं नव्हतं. चिपवर तीन-चार कण मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेही होते. तिथला कॅमेरा कृष्णधवल होता. मी धूळ समजले.

यंत्रांवर हळद कधी पडते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. शेतात नांगर पुजतात, गॅरेजात पाने, दवाखान्यात कात्र्या. एक ऑक्टोबरला रूपाली नागपूरच्या वाटेवर होती.

मी मामांना फोन केला आणि विचारलं नाही, सांगितलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. चिपची डबी उघडून तिलाही हळदीकुंकू वाहिलं.

 मग ते म्हणाले, "आपल्या भागात बनलेली पयली चिप म्हणून. वाईट मनानं न्हाई, मॅडम."

डबी कोणी उघडली, हे मी विचारलं नाही. कुलपाच्या किल्ल्या दोन होत्या, त्यातली एक रूपालीबरोबर होती.

पण एवढ्याने रूपाली सुटत नव्हती. हळद होती, हे सिद्ध झालं तरी हळदीखाली जिवंत स्फटिक आहे, हे कुठे सिद्ध झालं होतं? ते दाखवायचा एकच मार्ग बैठकीआधी शक्य होता, आणि त्यात तिचा एकुलता पुरावा कायमचा नष्ट होऊ शकत होता.

६

गुरुवारी सकाळी तिघेही लातूरला आले. पंचाक्षरी सर, रविकिरण आणि रूपाली, एकाच जीपमध्ये.

मी सांगितलं, की चिपवर हळद आहे. हळद अल्कोहोलमध्ये विरघळते, तेव्हा चिप धुवावी. धुतल्यावर स्फटिक दिसला तर प्रश्न मिटला. पण स्फटिक नुसता पृष्ठभागावर असेल, किंवा वरच्या थराला कुठे भेग असेल, तर तो हळदीबरोबर वाहून जाईल, आणि मग कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही.

रविकिरण पहिल्यांदाच मनापासून बोलला. "नको धुऊ, रूपाली. लेझरखाली ठेव, आठ दिवसांत हळद विटंल. बैठक पुढं ढकलायला सांगू. थराला एवढी परीक्षा कशाला?"

"बैठक ढकलली तर आठ दिवस मी काय असंन?" रूपालीने त्याला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थर टिकतो, असं मी प्रबंधात लिहिलंय, मॅडम. धुते मीच."

तिने चिमट्यात चिप धरली. अल्कोहोलच्या तीन वाट्या, एकीनंतर दुसरी. पहिल्या वाटीच्या तळाशी बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. निळ्या दिव्याखाली धरली, तेव्हा ती मंद हिरवट चमकली. पंचाक्षरी सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

चिप परत बसवली. लेझर लावला. टिचक्या आता लाखांत नव्हत्या. चार हजार सातशे.

मग वाट पाहणं. पहिल्या दहा मिनिटांत आलेख नुसता खडबडीत होता. विसाव्या मिनिटाला मध्ये किंचित घळ वाटली. चाळिसाव्या मिनिटाला खड्डा होता, खोल, सव्वीस तारखेसारखाच. रूपाली खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून त्यांच्याकडे बघत राहिली.

बाकीचं मी सरांना शांतपणे सांगितलं. कपाटाची किल्ली, तीन तारखेची सही, मामांचं गप्प राहणं. त्यांनी नाकारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी स्वतः सूचना लावली, पण यंदा खंडेनवमीला यंत्रं कोरडी ठेवायला मन घेईना. म्हणून दार लावून घरच्यापुरती पूजा केली. त्यांच्या वडिलांचं अहमदपूरला सुतारकाम होतं, करवतीला हळद लावल्याशिवाय दसरा झाला नव्हता. चिपची डबी उघडली, चिमूटभर वाहिली, चिपवर नव्हे, झाकणावर; तिथले दोन-चार कण आत सांडले, ते कोणाला दिसले नाहीत. रूपालीला कोणी सांगितलं नाही. तिच्या घरी हे मानत नाहीत, उगाच तिला अवघड वाटायला नको, असं त्यांनी ठरवलं. त्यात तिचा मान राखला, असंच त्यांना वाटलं होतं.

"मला सांगितलं असतं तर मी पूजा थांबवली नसती, सर," रूपाली म्हणाली. "डबी तेवढी उघडू दिली नसती."

मी विचारलं, हळदीचं त्यांच्या लक्षात कधी आलं.

"तुमचा अहवाल आला त्याच्या चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पत्र गेलं होतं. सही झाली होती. पाहणी तोंडावर. कशानेतरी उलगडेल आपोआप, असं रोज वाटायचं."

मग त्यांनी मला विनंती केली. पत्र ते आजच मागे घेतील. रूपालीच्या प्रबंधावर सही करतील, तिला चांगलं शिफारसपत्र देतील. अहवालात फक्त 'हाताळणीतील दोष' एवढं लिहावं. केंद्र वाचेल. मामांची नोकरीही वाचेल.

ते खोटं नव्हतं. मी थकले होते, आणि त्या दोन शब्दांत सगळं बसत होतं. मी रूपालीकडे पाहिलं. निर्णय तिचा नव्हता, तरी पाहिलं.

"हाताळणी म्हटलं की हात माझेच समजतील," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चिपला माझ्याशिवाय कोण हात लावतं, सर? मामांना तुम्ही बोलावलं म्हणून ते आले, ते पण लिहा, मॅडम. ज्यांनी जे केलं ते लिहा."

मी तिथेच बसून लिहिलं. पहिला परिच्छेद माझ्या चुकीचा होता, दोन लाख टिचक्या बघूनही मी प्रश्न विचारला नाही, त्याचा. दुसऱ्यात वीज गेलेली चार मिनिटं. तिसऱ्यात खंडेनवमी, किल्ली, पंचाक्षरी. मामांनी हुकूम पाळला, असं स्वतंत्र वाक्यात. चार पानं झाली. सरांनी ती उभ्यानेच वाचली, एका तारखेची दुरुस्ती सुचवली, ती बरोबर होती, आणि पोच म्हणून खाली सही केली.

रविकिरण जीप काढायला गेला. सर दारापर्यंत जाऊन थांबले. दार अर्धं उघडून तसेच उभे राहिले, काहीतरी बोलायचं असल्यासारखे. बाहेरचं ऊन आत फरशीवर आलं. पडद्यावरचे आकडे वर उसळले.

रूपाली वळली नाही. तिने वहीत वेळ टिपली.

"मोजमाप चालू आहे, सर," ती म्हणाली. "दार लावून घ्या. उजेड येतोय."